रेनाला ते साहिवाल : पाकिस्तानच्या विजेचे बिल कुणी भरले?

पाकिस्तानी पंजाबातल्या जुन्या माँटगोमेरी जिल्ह्याच्या परिसरात दोन वीजकेंद्रे आहेत. एक रेनाला खुर्दचे. लाहोरचे नामवंत अभियंते सर गंगाराम यांनी १९२५मध्ये ते कालव्याच्या पाण्यावर उभे केले. त्याची क्षमता जेमतेम एक मेगावॉट. दुसरे साहिवालचे. चिनी कंपन्यांनी बांधलेले हे केंद्र २०१७मध्ये सुरू झाले. त्याची क्षमता १,३२० मेगावॉट. त्याला लागणारा कोळसा परदेशातून जहाजाने कराचीला येतो आणि तिथून रेल्वेने हजारेक किलोमीटर प्रवास करून पंजाबच्या शेतशिवारात पोचतो.

गंगारामांना ओसाड जमिनीवर पाणी चढवायचे होते. कालवा वाहता होता, त्याला उतार होता. तेवढ्या बळावर त्यांनी यंत्रे फिरवली. इंधनाचा खर्च नाही, धूर नाही, डॉलरचा तर प्रश्नच नव्हता. साहिवालच्या केंद्राला मात्र रोज कोळसा हवा आणि कोळशासाठी डॉलर हवेत.

या ९२ वर्षांत एक देश पाण्याच्या विजेकडून तेल, वायू आणि कोळशाकडे कसा गेला? आणि तोच देश आज सौर पॅनेलच्या जगातल्या मोठ्या खरेदीदारांमध्ये कसा मोजला जातो? हे समजून घ्यावे म्हणून मी या विषयाचे वाचन सुरू केले. वाचत गेलो तसे लक्षात आले की, यात इंधनापेक्षा करारांची गोष्ट मोठी आहे. पाणी असो, तेल असो की कोळसा, प्रत्येक वेळी प्रकल्पाची जोखीम कुणाच्या तरी माथी मारली गेली. ज्याच्या माथी मारली, त्याला करार करताना कुणी विचारले नव्हते.

फाळणीने तोडलेली तार

कराचीत विजेची कंपनी १९१३ साली स्थापन झाली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होते. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६मध्ये. म्हणजे पाकिस्तानातल्या सर्वांत मोठ्या शहराची वीज कंपनी आणि मुंबई एकाच प्रशासनाखाली होत्या.

पंजाबची गोष्ट याहून बोलकी आहे. मंडी संस्थानातल्या जोगिंदरनगर इथे ब्रिटिशांनी डोंगरातल्या पाण्यावर ४८ मेगावॉटचे शानन वीजकेंद्र बांधले. मार्च १९३३मध्ये व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी त्याचे उद्घाटन लाहोरमध्ये केले, कारण ही वीज पंजाबच्या शहरांसाठी होती आणि लाहोर हे त्यातले प्रमुख शहर होते. चौदा वर्षांनी फाळणी झाली. वीजकेंद्र भारतात राहिले, लाहोर पाकिस्तानात गेले. फाळणीच्या इतिहासात आपण रेल्वेगाड्या आणि निर्वासितांच्या छावण्या वाचतो, विजेच्या तारांचा उल्लेख क्वचित येतो.

नव्या देशाच्या वाट्याला अवघी ६० मेगावॉट वीज आली आणि लोकसंख्या होती सुमारे ३ कोटी १५ लाख. माणशी वर्षाला साडेचार युनिट. आज एखाद्या घरातला फ्रीज तीन-चार दिवसांत एवढी वीज खातो.

पुढे पाण्याचा तंटा उभा राहिला. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी अडवले. बारा वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९ सप्टेंबर १९६० रोजी नेहरू आणि अयूब खान यांनी कराचीत सिंधू जलकरारावर सह्या केल्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडे, अशी वाटणी झाली. जागतिक बँकेच्या पुढाकाराने पाकिस्तानात धरणे आणि जोडकालवे बांधण्यासाठी निधी उभा राहिला. भारतानेही त्यात सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा हप्त्यांत दिले.

या निधीतून झेलमवरचे मंगला धरण १९६७मध्ये पूर्ण झाले. पाठोपाठ सिंधूवर तारबेला उभे राहिले आणि १९७७मध्ये त्यातून वीज मिळू लागली. टप्प्याटप्प्याने तारबेलाची क्षमता ३,४७८ मेगावॉटवर गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यातून येत होती. ‘कार्बन उत्सर्जन’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, पण आजच्या भाषेत सांगायचे तर पाकिस्तान बऱ्यापैकी ‘हरित’ होता.

या हरित विजेचे पहिले बिल मीरपूरने भरले. मंगलाच्या जलाशयात जुने मीरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावे बुडाली. लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्यातले अनेक जण ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड, बर्मिंगहॅमसारख्या शहरांत कामगार म्हणून गेले. आज ब्रिटनमध्ये पाकिस्तानी वंशाच्या ज्या मोठ्या वस्त्या दिसतात, त्यांतली कितीतरी कुटुंबे मूळची मीरपूरची आहेत.

करारातून आलेली वीज

तारबेलानंतर तसे मोठे धरण झाले नाही. कालाबागचा प्रस्ताव पुढे आला, पण सिंध, सरहद्द प्रांत आणि बलुचिस्तानच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले. धरण पंजाबचे आणि नुकसान आमचे, अशी तिथली भावना होती. बलुचिस्तानातल्या सुई इथे १९५२मध्ये सापडलेला नैसर्गिक वायू काही वर्षे कामी आला. तोवर शहरे वाढली, गावोगावी तारा पोचल्या आणि १९८०च्या दशकात भारनियमन सुरू झाले.

सरकारी तिजोरीत पैसा नव्हता. जागतिक बँकेचा सल्ला होता, खाजगी गुंतवणूक आणा. कराचीजवळ हब नदीच्या मुखाशी १,२९२ मेगावॉटचा तेलावर चालणारा प्रकल्प या विचारातून आला. १९९४मध्ये बेनझीर भुत्तो सरकारने नवे वीज धोरण जाहीर केले. त्यातल्या अटी गुंतवणूकदारांना हरखून टाकणाऱ्या होत्या. विजेचा दर युनिटला सुमारे साडेसहा अमेरिकी सेंट. रुपया घसरला तर दर आपोआप वाढणार. तेल महागले तर तो खर्च खरेदीदाराकडे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षमता शुल्क. सरकारने वीज घेतली किंवा न घेतली, केंद्र चालू स्थितीत असेल तर त्याचे ठरलेले पैसे द्यायचे.

सोपे उदाहरण घ्या. तुम्ही रिक्षा महिन्याच्या बोलीने ठरवली. बोली डॉलरमध्ये, पेट्रोल तुमचे आणि तुम्ही घरी बसलात तरी भाडे चालू. रिक्षा भरधाव येऊन दारात उभी राहील यात शंका नाही. तुम्हाला रोज कुठे जायचे आहे का, हे विचारण्याचे रिक्षावाल्याला कारण उरत नाही.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला हा करार ओळखीचा वाटेल. आपल्याकडे त्याला ‘एन्रॉन’ म्हणत. डिसेंबर १९९३मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ प्रकल्पाशी वीजखरेदीचा करार केला, त्याचा साचा हाच होता. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर १९९५ची निवडणूक गाजली, मग नव्या सरकारने नव्याने वाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मान्य केला. १९९९मध्ये नाफ्थ्यावर वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की, २००१मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. त्याच वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. महाराष्ट्र त्यातून निभावला, कारण मंडळाकडे कोयना होती, कोळशाची स्वतःची केंद्रे होती आणि एन्रॉन एकच होता. पाकिस्तानने मात्र देशाच्या वीजवाढीचा सगळा डोलारा अशा करारांवर उभा केला.

१९९८मध्ये नवाझ शरीफ सरकारने या कंपन्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले. त्यातून वाद पेटले. शेवटी तडजोडी झाल्या, पण साचा मोडला नाही. २००२च्या आणि २०१५च्या धोरणांतही क्षमता शुल्क कायम राहिले. सरकारे बदलली, लष्करी राजवट आली नि गेली, पण हे कलम टिकले.

अंधार आणि घाईचा कोळसा

२००६नंतर तेल महागत गेले आणि ‘गर्दिशी कर्ज’ हा शब्द पाकिस्तानी वर्तमानपत्रांत रोजचा झाला. गर्दिश म्हणजे फिरणे. कुणी वीज चोरतो, कुणी बिल थकवतो, सरकार अनुदान जाहीर करते पण वेळेवर देत नाही. मग वितरण कंपनी वीज उत्पादकाचे पैसे थकवते, उत्पादक तेल कंपनीचे थकवतो, तेल कंपनी तेल थांबवते आणि वीजकेंद्र बंद पडते. २०१२-१३च्या उन्हाळ्यात अनेक भागांत दिवसाला बारा-चौदा तास वीज नसे. गंमत अशी की, वीजकेंद्रे होती. त्यात जाळायच्या तेलाचे पैसे नव्हते.

२०१३मध्ये नवाझ शरीफ पुन्हा सत्तेवर आले ते भारनियमन संपवण्याच्या आश्वासनावर. आल्याबरोबर त्यांनी ४८० अब्ज रुपयांची थकबाकी भागवली. पाठोपाठ २०१५मध्ये चीन-पाकिस्तान आर्थिक महामार्गाचे करार झाले. साहिवाल, पोर्ट कासिम, हब अशी प्रत्येकी १,३२० मेगावॉटची आयात कोळशाची केंद्रे भराभर उभी राहिली. थरच्या वाळवंटात लिग्नाइट कोळशाची खाण सुरू होऊन २०१९मध्ये त्यावरही वीज निघाली. हिंदूंची मोठी वस्ती असलेला हा जिल्हा देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. खाणीतले खारे पाणी गोरानो गावाजवळच्या तलावात सोडले जाऊ लागले, तेव्हा जमीन आणि गोड्या विहिरी वाचवण्यासाठी गावकऱ्यांनी महिनोन्‌महिने धरणे धरले.

अंधार हटला, हे मान्य करावे लागेल. ज्या घरात बारा तास पंखा बंद असतो, त्या घराला कोळशाच्या प्रदूषणावर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. आणि जगाच्या एकूण उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याच्या आसपासही नीट पोचत नाही. पण करार जुन्याच साच्याचे होते. कर्ज डॉलरमध्ये, परतावा डॉलरमध्ये, क्षमता शुल्क अटळ. मागणी भराभर वाढेल हे गृहीत धरले होते, ती तशी वाढली नाही. आज स्थापित क्षमता ४६ हजार मेगावॉटच्या आसपास आहे. ऐन उन्हाळ्यात मागणी ३० हजारांच्या घरात जाते आणि हिवाळ्यात कोसळते. उरलेली केंद्रे थंड उभी असतात, त्यांचे मीटर मात्र चालूच राहते.

मग २०२२ उजाडले. युक्रेन युद्धानंतर द्रवरूप वायू इतका महागला की, पाकिस्तानच्या काही निविदांना कुणी बोलीच लावली नाही. युरोप जास्त पैसे देत होता, जहाजे तिकडे वळली. त्याच वर्षी पुराने सव्वातीन कोटींहून अधिक लोकांना फटका दिला, सतराशेहून अधिक माणसे गेली. ज्या देशाने हवामान बिघडवण्यात फारसा हातभार लावला नव्हता, त्याने पूरही सोसला आणि महाग इंधनही. २०२१च्या मध्यावर एका डॉलरला १५७च्या आसपास पाकिस्तानी रुपये पडत होते. सप्टेंबर २०२३मध्ये ते तीनशेच्या पुढे गेले. करारात लिहिल्याप्रमाणे दर आपोआप वाढला.

२०१वे युनिट

ऑगस्ट २०२३मध्ये कराचीपासून पेशावरपर्यंत लोक रस्त्यावर आले. चौकाचौकांत विजेची बिले जाळली गेली. २ सप्टेंबरला व्यापाऱ्यांनी देशभर दुकाने बंद ठेवली. पगारापेक्षा बिल मोठे, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत रोज येत होत्या.

तिथल्या दरपत्रकात एक नियम आहे. सलग सहा महिने दोनशे युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला ‘संरक्षित’ ग्राहक मानून सवलतीचा दर मिळतो. एका महिन्यात २०१ युनिट झाले की संरक्षण जाते आणि ते परत मिळवायला पुन्हा सहा महिने थांबावे लागते. जून महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, घरातली बाई मीटरकडे बघून पंखा बंद करते, असा या नियमाचा अर्थ. अब्जावधी डॉलरच्या करारांचा सगळा भार येऊन थांबतो तो या एका युनिटावर.

ज्यांना शक्य होते, त्यांनी वेगळी वाट धरली. चीनमध्ये सौर पॅनेलचे उत्पादन गरजेपेक्षा किती तरी वाढले आणि भाव कोसळले. पाकिस्तानात आयात खुली होती. एकट्या २०२४ साली तिथे सुमारे १७ हजार मेगावॉट क्षमतेची पॅनेल आली. म्हणजे देशाने ७७ वर्षांत जेवढी वीजक्षमता उभारली, तिच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वर्षात बंदरात उतरली. यामागे कुठलीही भव्य योजना नव्हती. २०२०मध्ये इम्रान खान यांनी नवे कोळसा प्रकल्प न आणण्याची आणि दहा वर्षांत ६० टक्के वीज स्वच्छ स्रोतांतून घेण्याची घोषणा केली होती खरी, पण छतांवर पॅनेल चढली ती बिलाच्या धास्तीने. ‘एम्बर’ या ऊर्जा अभ्यास संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२५च्या पहिल्या चार महिन्यांत तिथल्या ग्रीडच्या विजेत सौरऊर्जेचा वाटा चौथ्या हिश्श्यापर्यंत पोचला.

पर्यावरणवादी या घटनेचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. माझ्या मनात मात्र दुसरा प्रश्न येतो. छतावर पॅनेल चढवून ग्रीड सोडून जाणाऱ्या माणसाच्या वाट्याचे क्षमता शुल्क कोण भरतो?

छत नसलेल्यांचे काय?

साहिवालचे, पोर्ट कासिमचे शुल्क ठरलेले आहे. वीज कमी विकली गेली तरी ते कमी होत नाही. मग तोच बोजा उरलेल्या ग्राहकांवर, उरलेल्या युनिटांवर चढतो. दर वाढतो. दर वाढला की आणखी काही जण पॅनेल लावतात आणि उरलेल्यांचा बोजा आणखी वाढतो. २०२४च्या अखेरीस नेट मीटरिंगचे ग्राहक होते सुमारे २ लाख ८३ हजार. सरकारच्याच म्हणण्यानुसार त्यातले बहुसंख्य मोठ्या शहरांतल्या सुखवस्तू वस्त्यांमधले होते. एकूण वीजग्राहक साडेतीन कोटींहून जास्त आहेत. ग्रीडवर उरतो तो भाड्याच्या खोलीत राहणारा, चौथ्या मजल्यावरचा, झोपडपट्टीतला. त्याला स्वतःचे छत नाही आणि असलेच तर पॅनेलसाठी एकरकमी पैसे नाहीत.

मार्च २०२५मध्ये सरकारच्या आर्थिक समन्वय समितीने छतावरची जादा वीज विकत घेण्याचा दर २७ रुपयांवरून १० रुपयांवर आणायला मंजुरी दिली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात आयात पॅनेलवर १८ टक्के विक्रीकर सुचवला गेला, ओरड झाल्यावर तो १० टक्क्यांवर आला. मध्यमवर्ग चिडला. त्याची चीड समजण्यासारखी आहे. सरकारची कोंडीही खरी आहे. पण यातल्या कुठल्याही उपायाने मूळ करार बदलत नाही. छत असलेला आणि छत नसलेला यांच्यात भांडण मात्र लागते.

करार बदलता येतात, याचा पुरावा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला. सरकारने पाच खाजगी प्रकल्पांचे करार मुदतीआधी संपवले. हबचा तेलावरचा जुना प्रकल्प त्यात होता. त्याची मुदत २०२७पर्यंत होती. तीस वर्षे ‘हात लावता येणार नाही’ असे ज्या कागदाबद्दल सांगितले जात होते, तो कागद टेबलावर बसून मिटवता आला. चिनी प्रकल्पांचे कर्ज मात्र अजून तसेच आहे आणि सर्वांत जड ओझे तेच आहे.

शेतीतही हीच गुंतागुंत दिसते. पंजाब, सिंध, बलुचिस्तानचे शेतकरी झपाट्याने सौरपंपांकडे वळत आहेत. बलुचिस्तानात तर सुमारे २८ हजार विंधनविहिरी सौरऊर्जेवर नेण्याची योजना २०२४मध्ये ठरली. डिझेलचा खर्च वाचला, वीज कंपनीची थकबाकी टळली. पण दिवसभर फुकट चालणारा पंप बंद करायला शेतकऱ्याला कारण उरत नाही आणि भूजल आधीच खोल गेलेले आहे. आपल्या मराठवाड्यात सौर कृषिपंप बसवताना हा अनुभव डोळ्यांसमोर असायला हवा.

मे २०२४मध्ये पाकव्याप्त काश्मीरमध्ये महागाईविरोधात मोठे आंदोलन झाले. गोळीबार, दगडफेक झाली, माणसे दगावली. लोकांची एक मुख्य मागणी अशी होती की, मंगलाची वीज आमच्या जमिनी बुडवून तयार होते, तर ती आम्हाला उत्पादन खर्चात द्या. सरकारला २३ अब्ज रुपयांचे पॅकेज द्यावे लागले. पहिल्या शंभर युनिटांचा दर तीन रुपयांवर आला. पहिले बिल ज्यांनी भरले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सत्तावन्न वर्षांनी त्याची पावती मागितली, असे मी याकडे पाहतो.

स्वच्छ विजेकडे जाणे अटळ आहे आणि चांगलेही आहे. सूर्याची वीज स्वस्त झाली, हे गरीब देशांच्या पथ्यावर पडणारे आहे. पण गंगारामांच्या कालव्यापासून छतावरच्या पॅनेलपर्यंतचा हा इतिहास सांगतो की, इंधन बदलले म्हणून न्याय आपोआप येत नाही. भाडेकरूंना सामायिक सौर प्रकल्पात वाटा मिळू शकतो, शाळा-दवाखान्यांच्या छतांवरची वीज वस्तीला देता येते, जुन्या कर्जांची मुदत वाढवून दर खाली आणता येतो. हे सारे शक्य आहे. त्यासाठी करार लिहिताना टेबलाच्या एका बाजूला दोनशे युनिटांत महिना काढणाऱ्या घराचीही खुर्ची हवी. आजवर पाकिस्तानात ती नव्हती. आपण उद्याचे वीजकरार करताना ती ठेवणार आहोत का, हे आताच विचारून घेतलेले बरे.